होनराव मॅडमचा भूगोल

आधी माफी मागतो. एखाद्या शिक्षकावर लिहायचं तर लिहिणाऱ्याने आयुष्यात काहीतरी करून दाखवलेलं असावं, असं मला वाटतं. मी अजून शिकतोच आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आजवर मी लिहिलेलं म्हणजे प्रवेशाचे अर्ज आणि परीक्षेचे पेपर. होनराव मॅडमना माझ्याहून जवळून ओळखणारे, माझ्याहून चांगलं लिहिणारे विद्यार्थी नक्की असतील. पण त्यांच्यापैकी कुणी लिहिल्याचं अजून दिसलं नाही, म्हणून भीत भीत लिहितो. चुकलं तर मॅडम करायच्या तसं करावं. त्या चूक कधी खोडत नसत. लाल पेनाने तिच्याभोवती गोल करत आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढत. बाकीचं काम आपलं.

मी मालेचा. पौडवरून मुळशी धरणाकडे जाताना लागणारं आमचं गाव. कॉलेज पौडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मॅडम बावधनहून बसने यायच्या. मूळच्या लातूरकडच्या. अंगाने बारीक, चालणं मात्र असं की बरोबर चालणाऱ्याला मधूनच पळावं लागे. साडीवर बुटांची जोडी, तीही लाल मातीने कायमची रंगलेली. दोन्ही हातांनी फळ्यावर लिहीत. उजवा हात नदी काढत असला की डावा डोंगर काढायचा. एरवी पुस्तकासारखं मराठी बोलत, पण राग आला किंवा आनंद झाला की गावाकडची बोली बाहेर पडायची. "लिहायलास का झोपायलास?" असं त्या म्हणाल्या की मागच्या बाकावरचा वैभव हळूच म्हणायचा, "मॅडम, दोनी करायलोय." वर्ग हसायचा. त्याही हसायच्या आणि मग त्यालाच फळ्याजवळ बोलवायच्या.

पहिल्या वर्षाचा पहिला तास मला अजून आठवतो. यादीत साठ-सत्तर नावं होती, वर्गात अकरा जण. भात लावणीचे दिवस होते आणि बाकीची पोरं पिरंगुटच्या कंपन्यांत कामाला. मॅडमनी हजेरी घेतली नाही. त्यांनी विचारलं, "घरापासून बसथांब्याला चालत किती वेळ लागतो?" एकेक जण सांगत गेला. कुणी पाच मिनिटं म्हणालं, कुणी पाऊण तास. मग वाटेत काय लागतं, चढ का उतार, ओढा कुठे ओलांडता. त्या फळ्यावर रेघा मारत होत्या. माझी पाळी आली.

"तुमच्या गावचा ओढा कुठल्या दिशेला वाहतो?"

मला दिशा सांगता येईना. मी नुसता हात केला. पोरं हसली. मॅडम माझ्या बाकाजवळ आल्या, माझ्या हाताच्या रेषेत उभ्या राहिल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "हात बरोबर आहे. आता हाताला नाव दे. ही पूर्व."

तास संपला तेव्हा फळ्यावर आमचा अर्धा तालुका उतरला होता. त्यात माझं घर होतं. मी तोपर्यंत नकाशात फक्त दिल्ली, मुंबई आणि परदेश बघितले होते. आपलं घर नकाशात बसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तरीही अक्कल लगेच आली नाही. पहिल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत 'माझ्या गावाची मृदा' असं एक पान लिहायचं होतं. मी गाइड उघडलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'या प्रदेशात काळी, कसदार मृदा आढळते.' मॅडमनी 'काळी' शब्दाभोवती गोल केला आणि मला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"तुमच्या शेतात काळी माती आहे?"

"नाही मॅडम. तांबडी."

"मग हे कुणाच्या शेताचं लिहिलंस?"

खरं कारण सांगायची लाज वाटली. मला वाटत होतं की पुस्तकात आहे ते बरोबर, आणि आमच्या शेतातली माती म्हणजे काही अभ्यासाची माती नव्हे. हे मी अडखळत सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "उद्या पिशवीभर घेऊन ये."

मी आणली. त्यांनी ती स्टाफरूमच्या टेबलावर ओतली. शेजारी डबा खात बसलेल्या सरांनी आपली पोळी उचलून मांडीवर घेतली. मॅडमनी माती ओली केली, तळहातावर तिची वळी केली, वळी मोडली, मलाही करायला लावली. इतका लाल रंग का, पाणी का टिकत नाही, आमच्याकडे भात खाचरातच का घ्यावा लागतो, हे सगळं त्या एका वळीतून निघालं. माझ्या वडिलांनी, आबांनी, हेच मला दहा वेळा वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. मी ते ज्ञान म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

आमच्याकडे दुसरे एक सर होते, ते नोट्स वाचून दाखवत. त्यांचं काही चुकत नसे; पेपरात त्यातलंच यायचं आणि मार्क पडायचे. पण त्यांच्या तासाला मी विद्यार्थी असायचो, आणि मॅडमच्या तासाला मला कामावर घेतल्यासारखं वाटायचं. तळमळ म्हणजे काय, याची मला एवढीच व्याख्या करता येते.

एकदा शेजारच्या गावची जत्रा होती. वर्गात मी एकटा आलो. मला वाटलं तास होणार नाही. मॅडम आल्या, डस्टर ठेवलं, आणि वाऱ्यांचं काम शिकवायला सुरुवात केली. उभं राहून, पूर्ण तासभर, रिकाम्या बाकांकडेही बघत. मधे थांबून, "सगळ्यांना समजलं का?" मी उभा राहून म्हणालो, "हो, सगळ्यांना समजलं." त्या हसल्या नाहीत, पुढचा मुद्दा घेतला. नंतर जिन्यात मी धीर करून विचारलं की एकट्यासाठी एवढं कशाला. त्या म्हणाल्या, "तू मालेहून आलास, मी बावधनहून आले. दोघांचंही येणं वाया घालवायचं का?"

दुसऱ्या वर्षाला सर्वेक्षण होतं. तिवईवर लाकडी फळा बसवायचा, त्याला कागद लावायचा, आणि पट्टीच्या दुर्बिणीसारख्या फटीतून समोरची खूण बघून रेघ ओढायची. दोन ठिकाणांहून ओढलेल्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे ती खूण. मॅडमनी माले निवडलं. मी मनातून घाबरलो होतो. आमच्या भागात तिवई दिसली की लोक काय समजतात, हे लातूरच्या माणसाला कसं कळणार?

आम्ही फळा लावून अर्धा तास झाला नसेल, तोवर बांधावर वीसेक माणसं जमली. सगळ्यांत पुढे आमचे बबनकाका, आबांचे चुलतभाऊ.

"कुनी सांगितलं मोजनी करायला? नोटीस कुटं हाय?"

"काका, कॉलेजचं हाय," मी म्हणालो.

"तू गप. तुलाच पुढं घातलाय त्यांनी. रस्ता आनायचा असंल तर सरळ या की, पोरांच्या आडून कशापायी येताय?"

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "तिवई उचला आन् ठिवा गाडीत."

"गाडी न्हाई, बसनं आल्यात," दुसरा म्हणाला, आणि चार जण हसले. पण तिवईला हात घातलाच एकाने.

मॅडम शांतपणे पुढे आल्या. "काका, रस्ताबिस्ता नाही. पोरं शिकायलीत. तुम्ही स्वतः बघा, ह्यातून काय दिसतं?"

काका वाकले. एक डोळा मिटला. "आमची हीर."

"आणि कागदावर ती कुठं आलीय?"

काकांनी कागद बघितला, विहिरीकडे बघितलं, परत कागद बघितला. मग त्यांचा आवाज एकदम चढला. "ह्ये काय केलंय? आमची हीर वढ्याच्या अल्याड हाय. तुमी पल्याड दाखवलीया!"

आम्ही सगळे कागदावर वाकलो. काका बरोबर होते. दुसऱ्या ठिकाणी फळा हलवल्यावर तो पुन्हा दिशेला लावायचा आम्ही विसरलो होतो, आणि ती चूक आम्हा दहा जणांपैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

"उद्या कागदावर हीर दुसऱ्याच्या बांधात गेली, तर भांडान कुनाच्या घरी व्हनार? तुमच्या का माझ्या?"

मॅडमनी आमच्याकडे वळून बघितलं. "नकाशा चुकला की कुणाच्या तरी घरी भांडण होतं. हे पुस्तकात नाही. लिहून घ्या."

आम्ही खरंच लिहून घेतलं. कागद बदलला, सगळं पहिल्यापासून केलं. लाल-पांढरी काठी धरायला काका स्वतः विहिरीच्या कडेला जाऊन उभे राहिले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. निघताना त्यांनी विचारलं, "बाई, ह्ये शिकून नोकरी लागती का?"

"सगळ्यांना लागेल असं मी म्हणणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ह्यांना कुणी चुकीचा नकाशा दाखवला तर ह्यांना तो कळेल."

काका बराच वेळ मान हलवत होते. "ह्ये बाकी लई झालं."

त्याच वर्षी मे महिन्यात त्या आम्हाला धरणाच्या काठावर घेऊन गेल्या. पाणी पार खाली गेलं होतं. नकाशातल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वर्गात काही केल्या आमच्या डोक्यात शिरत नव्हत्या. काठावर उभं राहून मॅडमनी समोर बोट केलं. पाणी जसजसं उतरलं तसतशा त्याच्या कडा तांबड्या मातीवर उमटल्या होत्या, एकीखाली एक, टेकडीला वळसा घालून गेलेल्या.

"कुणी काढल्या ह्या?"

आमच्यात मंगल नावाची मुलगी होती, पलीकडच्या काठावरच्या डोंगरवस्तीतली. घरची मजुरीवर जाणारी माणसं. तासभर चालून मग बस पकडून ती कॉलेजला यायची आणि दोन वर्षांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "पान्यानं."

"मग सारख्या उंचीच्या आहेत का?"

"पानी सपाटच ऱ्हातं ना मॅडम." ती थांबली, मग भराभर बोलली. "आमच्या अंगाला ह्या रेघा जवळजवळ असत्यात. तितनं गुरं घसरत्यात. हितं लांब लांब हायेत, हितं चालाया सोपं."

तीव्र उतारावर रेषा जवळ येतात आणि सौम्य उतारावर लांब जातात. आमच्या पुस्तकात हे दीड पान होतं. मॅडम तिच्याजवळ गेल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग. मोठ्यानं सांग." त्यांचे डोळे भरले होते असं वैभव म्हणतो. मी बघितलं नाही, मी रेघांकडे बघत होतो.

ही सहल झाली आणि आठवड्याने नोटीस लागली. तिसऱ्या वर्षाला विशेष भूगोल घ्यायला किमान पंधरा विद्यार्थी हवेत, नाहीतर यंदापासून विषय बंद. घेणारे आम्ही नऊ होतो. विषय बंद झाला तर आम्ही दुसरा विषय घ्यायचा किंवा शहरातल्या कॉलेजात जायचं. मी कसाही गेलो असतो. मंगलला घरचे शहरात पाठवणार नव्हते, हे ती स्वतःच सांगत होती. "दुसरा विषय घिऊन काय करू? त्यापरीस बसते घरी."

त्याच वेळी आणखी एक गोष्ट कळली. शिपाई शेलारमामा नकाशांचं कपाट उघडून देताना बोलून गेले, "विषय गेला तर मॅडमबी गेल्या. त्या तासावर हायेत, पर्मनंट न्हाईत. दर जूनला मुलाखत देत्यात." मला खरंच माहीत नव्हतं. कॉलेजात शिकवणारे सगळे कायमच्या नोकरीत असतात, असं आमच्या घरी समजत. त्यातून ज्या अशा शिकवतात त्या तर असणारच, असं मला वाटायचं.

मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. मी दाराबाहेर उभा होतो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, नियम मी केलेला नाही. पंधरा आणा, मी पहिला सही करतो."

"आणते," मॅडम म्हणाल्या.

मग त्या रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या गावाला जायच्या. शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्यांच्या याद्या त्यांनी काढल्या होत्या. आम्हीही फिरलो. दहा झाले, बारा झाले, चौदा झाले. दोन दिवस उरले. तेव्हा मी वैभवला पटवलं. त्याने राज्यशास्त्र घ्यायचं ठरवलं होतं, पण माझ्यासाठी तयार झाला. फॉर्म भरून आम्ही मॅडमकडे गेलो.

"तुला भूगोल का घ्यायचाय?"

वैभवला खोटं बोलता येत नाही. "तुमचा आकडा पुरा व्हावा म्हणून, मॅडम."

त्या हसल्या. बराच वेळ फॉर्म हातात धरून बसल्या. मग तो त्याला परत दिला. "आकडा पुरा झाला तर मी राहीन. तुझं वर्ष कुठं राहील? जा, तुला पाहिजे ते शिक."

मला त्यांचा राग आला. पहिला आणि शेवटचाच. मी म्हणालो, "मॅडम, मंगलचं काय?"

"मंगलसाठी मी अजून दोन दिवस फिरणार आहे. पण एकाला वर आणायला दुसऱ्याला ढकलायचं नाही. कशाला घाबरायलास? चल, बस चुकेल."

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. शेवटच्या दिवशी दुपारी दोन वाजता ऑफिसच्या खिडकीपाशी बबनकाका दिसले. टोपी हातात, मागे डोक्यावर पदर घेतलेली त्यांची सून रेश्मा. हाताशी प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रकं.

"बाई, हिची दोन वर्षं झालीत लग्नाआधी. इषय भूगोलच हुता. घरात भाकऱ्या थापतीया नुसती. म्हनलं तुमच्याकडं जागा हाय तर बसू द्या."

मॅडमनी काकांकडे बघितलं नाही. रेश्माकडे बघितलं. "तुला शिकायचंय का काका म्हणतात म्हणून आलीस?"

मी डोळे मिटून घेतले. पुन्हा फॉर्म परत जाणार असं वाटलं.

रेश्मा हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी बांधावर हुते. हीर चुकली ती मलाबी दिसली हुती. पन मी सून, कशी बोलनार?"

"आता बोल," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःचा पेन तिच्या हातात दिला.

तिसरं वर्ष झालं. आम्ही पंधराही जण परीक्षेला बसलो. मंगल पास झाली, रेश्मा माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली आणि काका हे अजून गावभर सांगतात.

मॅडमना मी शेवटचं बघितलं ते गुणपत्रक आणायला गेलो तेव्हा. दुसऱ्या वर्षाचा तास चालू होता. दार उघडं होतं. त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या, दोन्ही हातांत खडू. वळल्या तेव्हा मी दिसलो. त्यांनी हाताने थांब म्हणून खूण केली आणि पुढे शिकवायला लागल्या. मी थांबलो. घंटा झाली, तरी त्यांचं चालूच. एका मुलाने काहीतरी विचारलं होतं आणि त्याचं उत्तर अर्धं राहिलं होतं. बाहेर माझी बस येऊन उभी राहिली. मी आणखी एकदा आत बघितलं. त्या मला विसरल्या होत्या. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आभार मानायचे मात्र राहून गेले.

आता मी शहराजवळच्या चांदे गावात मावशीकडे राहतो आणि भूगोलातच एम. ए. करतो आहे. या वर्षी कळलं की आमच्या कॉलेजात विशेष भूगोल सलग चालू राहिल्यामुळे विषयाला एक कायमची जागा मंजूर झाली. आम्हा पंधरा जणांच्या ग्रुपवर त्या दिवशी नुसता आनंद. रेश्माने तर पेढेही वाटले. जागा कुणाला मिळणार, यात आम्हाला शंकाच नव्हती. मुलाखती झाल्या. मग कित्येक दिवस काहीच कळेना. मॅडमना मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या अभ्यासाचंच विचारलं आणि मुलाखतीचा विषय निघाला की तास आहे म्हणून फोन ठेवला.

गेल्या सोमवारी शेवटी शेलारमामांचा फोन आला.

"मॅडमचं न्हाई झालं रं. दुसरे सर लागले. डॉक्टरेट हाय त्यांची, मानूस बरा हाय."

मी फोन ठेवायलाच निघालो होतो.

"आईक तर. सर रुजू झाले त्या दिवशी मॅडम आल्या हुत्या. कपाटातले नकाशे एकेक काढून त्यांना दावले, कुठला वढा कागदावर चुकलाय त्ये बी सांगितलं. दोन तास बसल्या हुत्या."

"आता कुठं आहेत मामा?"

"भोरच्या पल्याड कुटंतरी. तासावरच. म्या म्हनलं, मॅडम, जवळ न्हाई का मिळालं? तर म्हनल्या, तितं भूगोल बंद पडाया आलाय, सातच पोरं हायेत."